ताईच्या दोन बाटल्या

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. तरी लिहितोय, माफ करा. काल अमरावतीच्या होस्टेलवर कुणीतरी सीरमची बाटली उघडली आणि त्या आंबूस वासानं ताईच्या लग्नाआधीची सुट्टी आठवली. हिवरखेडच्या आमच्या अंगणात विकायला तोडलेल्या झेंडूचे ढीग होते आणि ताई आरशापुढे लालबुंद, सालपटं निघालेला चेहरा घेऊन बसली होती. चेहरा उजळावा म्हणून रोज रात्री ती एका बाटलीतलं रेटिनॉल लावायची आणि त्यावरच दुसऱ्या बाटलीतलं ग्लायकोलिक ॲसिड. मी फार्मसी शिकत होतो. "ताई, दोन्ही एका रात्री नको लावू. आधी चेहरा बरा होऊ दे, मग एकेक लाव, अन् दिवसा सनस्क्रीन," मी पुन्हा पुन्हा सांगितलं. "तू काय डॉक्टर झाला का बाप्पा? लगन माहं हाय!" आई हसली, "त्याले तं सोताच्या मुरुमाचं नाई समजत." मी चिडून, न जेवताच होस्टेलवर परतलो. आठवड्यानं ताईचा फोन आला. "अरे, आग थांबली. अकोल्याच्या डॉक्टरनं दोन्ही बंद केलं. एका रात्री दोन्ही लावाचंच नसते म्हणे. तुह्या कॉलेजात हे शिकवत नाई का?"