दाजींच्या डाव्या बाजूला

ताईचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. तिनं खुशाली विचारली नाही, थेट मुद्द्यावर आली.

"भाऊ, ह्यांचं बघणं मला बराबर वाटत न्हाई. हप्त्यातून दोनदा डावा खांदा चौकटीला आपटून घेऊन राह्यले. डॉक्टरकडं चला म्हणलं, तर ताटावरून उठून गेले. तू ये, एक दिवस गाडीत शेजारी बस अन् नीट बघ. ह्यांना गाडी चालवू द्यायची का न्हाई, ते तूच सांग. तुझं ऐकतील."

मला हसूच आलं. दाजींच्या गाडी चालवण्याची परीक्षा मी घ्यायची! दाजी म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्यात त्यांचं गॅरेज होतं, आणि मी क्लचपासून ब्रेकपर्यंत जे काही शिकलो ते त्यांच्या हाताखाली. माणूस चालत कमी आणि गाडीत जास्त जगलेला. गॅरेज बंद केल्यावर त्यांच्याकडे करण्यासारखं उरलं होतं ते एवढंच, गाडी काढायची आणि कुठंतरी जाऊन यायचं. ते काढून घेतलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हा विचार मनात आला आणि माझं हसू मावळलं. ताईला मी येतो म्हणालो.

दाजींचं आणि माझं एक जुनं नातंही होतं, जे ताईच्या लग्नामुळे जुळलेलं नव्हतं. आमच्या भागात हौशी मंडळींनी तीन-चार वर्षं मातीवरच्या रॅल्या भरवल्या होत्या. वाटूरकडच्या माळावर रस्ता आखलेला असायचा, मिनिटामिनिटाच्या अंतरानं एकेक गाडी सुटायची आणि शर्यत असायची ती घड्याळाशी. दाजींनी एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेली छोटी पेट्रोल गाडी घेतली, मागचं सीट काढलं, नको ते सगळं उतरवलं. त्या गाडीचा आवाज आधी पोटात यायचा आणि मग कानात. दारातून धूळ आत यायची, पायाखालचा पत्रा तापायचा, आणि घरी आल्यावर ताई आम्हाला अंगणातच उभं करून पाणी ओतायची.

अशा शर्यतीत शेजारी एक माणूस लागतो. त्यानं आदल्या दिवशी रस्ता पाहून वहीत लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुसाट असताना तो मोठ्यानं वाचायचा. चालवणाऱ्यानं वळण दिसायच्या आधी ते ऐकलेलं असतं. तो वाचणारा मी. बाहेरून आलेले लोक वळणं इंग्रजी आकड्यांत वाचायचे. दाजींच्या डोक्यात भर धावेत ते आकडे शिरायचे नाहीत, मग आम्ही आमचे शब्द केले. एकदम आत वळणारं वळण म्हणजे इळा, गवत कापायच्या विळ्यासारखं. लांब, सैल वळण म्हणजे कासरा. आणि सरळ रस्ता म्हणजे मोकळं रान. "डावा इळा, पुढं उजवा कासरा, मंग मोकळं रान," असं मी शाळेत कविता म्हणावी तसं म्हणत सुटायचो. एकदा पुढच्या गाडीच्या धुळीत समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी मोकळं रान म्हणालो आणि दाजींनी पाय पार खाली दाबला. नंतर मी विचारलं, "दाजी, माझं पान चुकलं असतं तर?" ते म्हणाले, "मंग वही कशाला लिहिली?"

आम्ही कधी पहिले आलो नाही. एकदा तिसरे आलो, आणि त्या वर्षी आमच्या गटात गाड्या चारच होत्या. तरी त्याचा फोटो ताईच्या बैठकीत अजून आहे.

तर ताईच्या सांगण्यावरून मी रविवारी अंबडहून एसटीनं जालन्याला गेलो. दारात भाच्याची लालभडक गाडी उभी होती. पोरगा नोकरीसाठी वर्षभर परदेशी गेला होता आणि जाताना "पप्पा, अधूनमधून फिरवत जा, न्हाईतर बॅटरी उतरल," असं सांगून चावी ठेवून गेला होता. गाडी दिसायला शर्यतीची. मागं पंख, चाकांत लाल ब्रेक, सीटं अंग आवळून धरणारी. मी आत बसलो. दाजींनी बटण दाबलं आणि अशी डरकाळी फुटली की मी खूश झालो. मग दाजींनीच सांगितलं, "स्पीकरमधून येऊन राह्यलाय तो आवाज. खरा इंजिनाचा न्हाई. पाहिजे तर बंद करता येतो." त्यांनी बंद करूनही दाखवला. खरं इंजिन शिलाई मशीनसारखं पुटपुटत होतं.

आम्ही जाफराबादच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कापूस फुटला होता. गाव मागं पडलं तसे दाजी म्हणाले, "गुरुजी, वाच की मंग. उगा गप्प कामून बसला?"

मी कशाला नाही म्हणतोय? पंचवीस वर्षांनी कुणीतरी मला वाचायला सांगत होतं. वही नव्हती, पण रस्ता समोर होता. मी सुरू झालो. उजवा कासरा. डाव्या अंगाला बैलगाडी. पुढं इळा, हळू. गतिरोधक. डावीकडून मोटारसायकल येतीय. मोकळं रान. दाजी असे काही चालवत होते की बघत राहावं. हात हलका, पाय मऊ, एक हिसका नाही. पोटातलं पाणी हललं नाही, आणि ते श्रेय गाडीचं नव्हतं, दाजींचं होतं.

घरी आल्यावर ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "डोळे ठणठणीत हायेत. माझ्यापेक्षा भारी चालवतात. तू उगा काळजी करून राह्यली." तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि भाकरी थापायला लागली.

आता सांगताना स्वतःचीच लाज वाटते. चाळीस पोरांच्या वर्गात कोण कुणाचं बघून लिहितो ते मला पाठमोरं कळतं. आणि इथं मी स्वतःच अख्खा पेपर मोठ्यानं सांगत बसलो होतो, आणि पुन्हा त्यांना पैकीच्या पैकी देऊन मोकळा झालो होतो.

पुढच्या रविवारी मी बोलावणं नसताना गेलो. वाचायची चटक लागली होती. जाताना मजेत गेलो, जाफराबादला चहा घेतला, आणि परत निघताना आमचं वाजलं. विषय गाडीच. मी म्हणालो, "दाजी, नुसता देखावा हाय ह्या गाडीत. आवाज खोटा, स्टेअरिंग स्वतःच वळतं, जरा रस्त्यावरचा पट्टा सोडला की टुंटुं वाजतं. शर्यतीची म्हणवती अन् चूक करू देत न्हाई. आपल्या गाडीत चूक केली की वावरात शिरून नांगरट व्हायची, म्हणून तर माणूस शिकायचा. ह्यात शर्यतीचं काय राह्यलं?"

मला वाटलं होतं ते माझ्या दुप्पट बोलतील. नव्या गाड्यांना नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. पण ते शांतपणे म्हणाले, "चांगली हाय रे गाडी. तव्हा आपण गाडीला सांभाळायचो, आता गाडी आपल्याला सांभाळून राह्यली. त्यात वाईट काय?"

"तुम्हीसुद्धा?" मी म्हणालो. मला ते फार लागलं. ज्या माणसानं मला पत्र्याच्या थरथरीवरून गाडीचं दुखणं ओळखायला शिकवलं, तो आता टुंटुं वाजणाऱ्या डब्याची बाजू घेत होता. माझा स्वभाव आधीच तिरसट. मी हाताची घडी घातली आणि वाचणं बंद केलं. म्हटलं, गाडी एवढी हुशार आहे तर तिलाच विचारा रस्ता.

पाच-सात मिनिटं गेली असतील. मी खिडकीबाहेर बघत होतो, त्यामुळे एक बाई मला आधी दिसली. डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा, रस्त्याच्या डाव्या कडेनं चाललेली, आमच्याकडे पाठ. आम्ही तिच्याकडे सरळ जात होतो. मला वाटलं, दाजी आता उजवीकडे घेतील. आता घेतील. मग गाडीतून कर्कश आवाज झाला, समोर लाल दिवा पेटला, आणि दाजींचा पाय हलायच्या आधीच गाडीनं स्वतः ब्रेक मारला. आमची दोघांची डोकी पुढे गेली. बाई हातभर अंतरावर होती. तिचा भारा खाली पडला.

ती वळली आणि खिडकीशी येऊन ओरडली, "आंधळा झाला का रं, मुडद्या?"

रस्त्यावर कुणीही कुणालाही म्हणतं तेच ती म्हणाली. दाजींनी तिला दोन्ही हात जोडले. मी उतरलो, भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला, माफी मागितली. ती बडबडत निघून गेली. मी परत येऊन बसलो तेव्हा दाजींचे हात स्टेअरिंगवर होते आणि ते समोर बघत होते.

"तू बोलला न्हाई," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. वहीतलं पान उलटायचं राहून गेलं तर म्हणावं, तसे ते म्हणाले. आणि मला सगळं एकदम कळलं. खांदा चौकटीला का लागतो, वाचायला का सांगितलं, ही गाडी का आवडते.

"किती दिवस झाले, दाजी?"

"वर्ष झालं. डाव्या अंगाचं दिसतच न्हाई म्हण." मग म्हणाले, "म्हणलं, तिकडं तू बसतो."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. मी ज्या गाडीला नावं ठेवत होतो, तिनं एक बाई वाचवली होती आणि दाजींना आयुष्यभराच्या डागापासून वाचवलं होतं. मी मात्र माझं एक काम रुसून बंद ठेवलं होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस, बस. माझी चूक हाय. तुझ्या ताईला सांगतो आज. तू मधी बोलू नको, मीच सांगतो." संध्याकाळी त्यांनी खरंच सांगितलं. पुढे डॉक्टरांनी काचबिंदू निघाल्याचं सांगितलं, डावा डोळा गेला तो गेला, उजवा औषधानं टिकवता येईल म्हणाले. ताईनं डोळ्यात घालायच्या थेंबांच्या वेळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवल्यात.

पण त्या दुपारी ते आधी गाडीतून उतरले. बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. मी उठलो. चालवायच्या जागेवर जाऊन बसलो, सीट पुढे ओढलं, आरसे लावले. दाजी डावीकडे बसले. त्या जागेवर त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

जालना आलं. घराचा फाटा आला तेव्हा ते म्हणाले, "इतक्यात घरी नको. वाटूरकडं घे."

गॅरेज बंद झाल्यापासून ते त्या रस्त्याला फिरकले नव्हते. मी घेतली गाडी. गाव संपल्यावर त्यांनी मान मागं टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता मी सांगतो."

"दाजी, मला दिसून राह्यलंय सगळं."

"दिसू दे. मला सांगू तर दे."

आणि ते सांगायला लागले. मोकळं रान. उजवा कासरा, लांब. पूल, अरुंद. पुन्हा मोकळं रान. मिटल्या डोळ्यांनी ते रस्ता म्हणत होते आणि रस्ता तसाच समोर येत होता. त्यांचा आवाज हळूहळू मोकळा झाला. माझा अंगठा स्टेअरिंगवर आपोआप ताल धरायला लागला.

"डावा इळा," ते म्हणाले. "बाभळीपाशी. हळू घे, फसवा हाय."

समोर इळा नव्हता. सिमेंटचा रस्ता करताना तो कधीच काढून टाकलेला, बाभळही गेलेली. परीक्षेच्या कामाला मी दोनदा त्या बाजूला जाऊन आलो होतो, मला माहीत होतं. नजर जाईल तिथवर रस्ता सरळ होता. मी पाय काढला, ब्रेकवर ठेवला आणि इळ्याला करावी लागते तेवढी गाडी हळू केली. मागच्या ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न दिला आणि शिव्या देत बाजूनं निघून गेला.

दाजी वळणाची वाट बघत होते. अंग उजवीकडे झुकेल म्हणून त्यांनी दाराचा दांडा धरला होता. झुकलं नाही. त्यांनी डोळे उघडले, समोर पाहिलं.

"इळा कुठं गेला?"

"काढला, दाजी. रस्ता सरळ केला."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मंग गाडी कामून हळू केली?"

"तुम्ही बोलले ना," मी म्हणालो.