दवा लागावी म्हणून

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. बी.ए. होऊन मी पवनीला घरी बसले होते. नुसती लग्नाची वाट पाहण्यापेक्षा बरं, म्हणून एका पाहणीचं काम धरलं. आसपासच्या गावांत घरोघर जाऊन विचारायचं, दवाखान्यातल्या उपचाराबद्दल तुम्ही समाधानी आहात का? उत्तरं पाच ठरलेली, 'पूर्ण समाधानी'पासून 'अजिबात नाही'पर्यंत. लोक नाराज दिसले तर त्या गावाला मुक्कामी डॉक्टर मिळणार होता, असं आम्हाला सांगितलं होतं.

मला वाटलं, हे सोपं आहे. आमच्याकडे लोक तलाठ्याला नावं ठेवतात, जावयाला ठेवतात, देवालाही सोडत नाहीत.

माझ्या वाट्याला आलेल्या एका गावचा डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी यायचा. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसायचा आणि माणूस काय होतंय ते सांगत असतानाच पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधायचा. मी स्वतः पाहिलं. नळी गळ्यात होती, ती कुणाच्या छातीला लागली नाही. एवढं पाहून मी घरं फिरले आणि प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं. डॉक्टर चांगला आहे. माझं डोकं फिरलं.

गावाच्या टोकाला एका बाईचं घर होतं. आत तिचा नवरा खोकत होता. महिनोन्‌महिने खोकला, संध्याकाळी अंग तापायचं, धान कापायलाही तो उभा राहू शकला नव्हता. बाई अंगणात सूप घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, डॉक्टर नीट तपासतात?"

"तपासते न बाई. लय चांगला हाये."

"छातीला नळी लावली का कधी?"

ती आत पाहून हळू बोलली. "असं नोको विचारू. ज्याची दवा सुरू हाये त्याले नाव ठेवलं का दवा लागत नाही. हातचा गुण जाते."

तेव्हा कुठे मला त्या गावाचा गोडवा कळला. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण माझी आईही काढ्याला कडू म्हणू द्यायची नाही. मी पेन खाली ठेवून बाईला समजावलं. खरं सांगितलंत तर गावात कायमचा डॉक्टर येईल, यांना रोज पाहील.

"तो येईल तवा येईल," ती म्हणाली. "आज घरच्या मानसाले याच गोळ्या लागल्या पायजे."

मी तिच्यावर चिडले आणि 'पूर्ण समाधानी'वर खूण केली. दुसरं काही लिहिण्याची मुभा नव्हती.

काही महिन्यांनी निकाल कळला. गाव समाधानी आहे, तेव्हा मुक्कामी डॉक्टरची गरज नाही. आमच्या साहेबांनी चहा पाजला आणि काम चोख झालं म्हणाले. कागदावर सगळं खरंच होतं, लोक तसंच बोलले होते.

वर्षभराने त्याच घरांत पुन्हा विचारायचं होतं. त्या बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ती तशीच अंगणात बसली होती. मी बराच वेळ प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही. मग वाटलं, आता तरी ही बोलेल. आता कुणासाठी डॉक्टरच्या हातचा गुण जपायचा राहिला आहे? मनात अशी आशा आली याची मला शिसारी आली, पण आशा आली हे खरं.

"मावशी, डॉक्टरबद्दल काय लिहू?"

ती बोलायला गेली. तोंड उघडलंही. तेवढ्यात आतून खोकला आला, बारीक, तिच्या पोरीचा. बाईने ओठ मिटले, पदर सावरला आणि मागच्या वर्षीच्याच आवाजात म्हणाली, "लय चांगला हाये बाई. तसंच लिव्ह."