पातेल्यातलं चौथं घर

हाना उकडलेले बटाटे गरम असतानाच किसायची, लगदा पातेल्यात हाताने सपाट दाबायची आणि सुरीने त्याचे चार भाग करायची. एक भाग उचलून बाकीच्या तिन्हींवर ठेवायची आणि त्या रिकाम्या जागेत बटाट्याचं सत्त्व काठोकाठ भरायची. कच्चा बटाटा किसून पाण्यात ठेवला की कुरडईच्या चिकासारखं तळाशी बसतं ते. मग सगळं एकत्र मळायची. वजन नाही, वाटी नाही. "तीन घरं बटाट्याची, एक घर पाहुण्याचं," असं म्हणायची. "पाहुणा नसला तर सगळं पाण्यात सुटतं, ताई."

हाना माझी धाकटी जाऊ. माझा दीर शेखर नोकरीला पोलंडला गेला आणि तिच्याशी लग्न करून पंचवटीतल्या आमच्या घरी घेऊन आला. घर उपाध्यायांचं, अंड्याचं नावही निघायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "इथे काय नको?" मी सांगितलं ते सगळं तिने पाळलं. तिच्या माहेरचे हे गोळे, क्लुस्की, ती बिनअंड्याचे करायला शिकली. प्रत्येकाला अंगठ्याने खड्डा पाडायची.

"झाले का गं तुझे पांढरे गुलाबजाम?" सासूबाई चिडवायच्या. "आणि हे भोक कशाला?"

"खड्डा नसेल तर आमटी कुठे बसणार, आई?"

सासूबाई हसायच्या आणि आणखी दोन घ्यायच्या.

एका एकादशीला आम्हा बिनउपासाच्यांसाठी ती क्लुस्की करत होती. बटाटे नवे, पाणचट. सत्त्व कमी पडलं. पहिले चार गोळे उकळत्या पाण्यात विरघळले. माझ्या मुलीला डॉक्टरांनी अंडी द्यायला सांगितली होती, म्हणून मी तांदळाच्या डब्यात दोन लपवून ठेवत असे. त्यातलं एक मीच काढून दिलं. "घाल. कुणाला कळतंय?"

"आई?"

"त्यांना उपास आहे. त्या कुठे खाणार?"

पण ताटं मांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बटाटाच ना नुसता? मग उपासाला चालतो. दोन वाढ, दाण्याच्या आमटीबरोबर."

हानाने माझ्याकडे पाहिलं. मी दोन गोळे वाढले. शेवटी तिनेच त्या ताटावर हात आडवा धरला. "नको, आई. यात अंडं आहे."

"माझ्या स्वयंपाकघरात? कुठून आणलंस?"

तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता.

हाना म्हणाली, "चूक झाली." बस. माझं नाव तिने तेव्हा घेतलं नाही, शेखरपाशीही कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर तोच माझ्याशी भांडायला आला असता. सासूबाईंनी तिच्या हातचं पाणी सोडलं. दोन महिन्यांत ती दोघं सातपूरला भाड्याच्या खोल्यांत गेली. सणाला ती यायची आणि पाहुणीसारखी बाहेरच्या खोलीत बसायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चप्पल काढायला थांबावं तशी थबकायची. मी चहा नेऊन द्यायचे.

पुढे तिला आतड्याचा कर्करोग झाला. दवाखान्यात मी क्लुस्की घेऊन गेले. तिचं खाणं संपलंच होतं. एक उचलून तिने अंगठा खड्ड्यात ठेवला. "उथळ आहे, ताई."

"हाना, मी आईंना सांगते."

"आता नको. तुम्हाला त्यांच्याजवळ राहायचंय." तिने डोळे मिटले. चौथ्या दिवशी गेली.

मी सांगितलं, पण तिला जाऊन वर्ष झाल्यावर. सासूबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना भरवता भरवता म्हटलं, "ते अंडं मी दिलं होतं."

त्यांनी घास गिळला. "माहीत आहे. तांदूळ मीही काढायचे, सुमन."

"मग तिला का..."

"तुला घालवलं असतं तर आज मला कुणी भरवलं असतं? ती काय, परकीच." आणि तोंड उघडलं.

वाटीत क्लुस्कीच होत्या, अंडं घालून बांधलेल्या. मी चमचा पुढे नेला. मध्ये हात आडवा धरणारं आता घरात कुणी नाही.