गाडीला ऊस दिसत नव्हता

आमच्या विभागप्रमुखांचा मला अजून राग येतो. तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही विजेवर चालणारी, चालकाशिवाय धावणारी गाडी बनवत होतो. उघडा लोखंडी सांगाडा, दोन सीटं आणि पुढे गुडघ्याच्या उंचीवर अडथळे ओळखणारा सेन्सर. सरांनी फलकावर लिहून घेतलं होतं, 'खास कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी'. उद्घाटनाला गाडी कॉलेजच्या गेटबाहेर पडून साखर कारखान्याकडच्या रस्त्याने जाणार होती. तिच्यात बसणार होता माझा प्रोजेक्टमधला जोडीदार, राधानगरीकडचा. दोन्ही हात वर करून, फोटोसाठी.

उसाचा हंगाम होता. ट्रॉलीतला ऊस मागे भरपूर बाहेर आलेला असतो आणि चाकं असतात पार पोटाखाली. आमचा सेन्सर चाकं बघून गाडी थांबवायचा. ऊस त्याच्या डोक्यावरून जायचा, थेट बसलेल्या माणसाच्या गळ्याशी.

सर ऐकेनात, म्हणून रस्त्यावरच्या एका ट्रॅक्टरवाल्याला मी हात केला.

"पावणं, मैदानात जरा ट्रॉली लावता का? गाडी तपासायची हाय."

"लावतो की. पण धडकली तर मोडल्याला ऊस तुमीच खायचा."

सीटवर भुशाचं पोतं बांधलं. गाडी आली, थांबली, अगदी शहाण्यासारखी. उसाने पोतं फाडलं होतं.

फाटकं पोतं मी सरांच्या टेबलावर ठेवलं. वर दुसरा सेन्सर बसवायला थोडे दिवस लागले असते, पण नोकऱ्या देणाऱ्या कंपनीच्या पाहुण्यांची तारीख ठरली होती.

"त्या दिवशी रस्त्यावर ट्रॅक्टर येणार नाहीत. माझं बोलणं झालंय."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढतंय कोण?"

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या मोर्चाच्या पत्रकांवर. त्या रात्री मी माझं पहिलं पत्रक लिहिलं: 'या गाडीला ऊस दिसत नाही. रस्ता शेतकऱ्याचा आहे. त्याला हटवू नका, गाडी सुधारा.' उद्घाटनाला गेटवर उभी राहून त्याच्या प्रती वाटल्या. जोडीदाराने माझ्या हातातला गठ्ठा हिसकला.

"तुझ्या बापाचा मोर्चा न्हाय ह्यो! माझी नोकरी हाय ह्यात!"

तो जाऊन सीटवर बसला. सरांनी हिरवा झेंडा उचलला. तेवढ्यात गेटबाहेरून उसाने भरलेली ट्रॉली गेली. तिला कुणी अडवलं नव्हतं. मागोमाग दुसरी.

जोडीदाराने पट्टा सोडला, खाली उतरला.

"सर, तुमी बसा की."

"मला भाषण करायचंय," सर म्हणाले.

पाहुण्यांच्या हातात माझं पत्रक होतं. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा रिकाम्या सीटकडे. गाडी रस्त्यावर गेली नाही. आवारात झेंड्याच्या खांबाभोवती रिकामीच फिरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं नाव फलकावरून खोडलं गेलं. जोडीदाराचे गुण कापले गेले, आणि त्याचा दोष तो सरांना नाही, मला देतो. परवा रंकाळ्यावर दिसला, तोंड फिरवून निघून गेला. जाऊ दे. स्वतःच्या पायांनी गेला.