वासुदेवकाकांची सात मिनिटं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंचवीस वर्षं प्रोग्रामिंग करतोय. काही विचित्र दिसलं की मी अंगारा शोधत नाही, सेमीकोलन शोधतो. तरी ऐका...

कळमन्याजवळ संत्र्यांचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या मशीनरूमचा प्रोग्राम मी तारुण्यात, म्हणजे डोक्यावर केस असताना लिहिला. कॉम्प्रेसर सुरू झाला, दार उघडलं, की प्रिंटर खर्रकन एक ओळ छापायचा. वेळ मात्र नसायची. ती वासुदेवकाका बाजूला पेनाने लिहायचे. तेच त्यांचं काम. मी वेळही छापायला निघालो, तेव्हा चहाचा कप माझ्याकडे सरकवत ते हळूच म्हणाले, "वेळ मशीनच लिहीन, तं मले काहून ठेवतील गा?"

मी तेवढं गाळलं. मालकाला सांगितलं, जमत नाही. धादांत खोटं!

काकांचं घड्याळ सात मिनिटं पुढे असायचं — घरची बस सुटू नये म्हणून. कागदावर तीच वेळ उतरायची, आणि अख्खं स्टोरेज मनातल्या मनात सात वजा करायचं.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. यंदा मालकाची मुलगी श्वेता म्हणाली, माल घेणाऱ्यांना प्रत्येक ओळीवर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ हवी. नाही जमलं तर तुमचा प्रोग्राम काढावा लागेल. काम दोन ओळींचं. भर दुपारी चालवून पाहिलं.

"दार उघडलं — १४:३७:०८.४१२"

भिंतीवर अडीच. मोबाइलवर अडीच. कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळही अडीच! पाऊण तास डोकं खाजवलं. प्रत्येक ओळ बरोब्बर सात मिनिटं पुढे...

श्वेता मागे उभी होती. "अंकल, हे तं काकांचं घड्याळ चालून राहिलं."

अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, हसूही आलं. गुपचूप प्रत्येक ओळीच्या शेवटी जोडलं — "नोंद: वासुदेवकाका". पुन्हा चालवलं. वेळ मोबाइलशी सेकंदाला सेकंद जुळली. प्रोग्राम वाचला.

नंतर एकदा ते नाव काढून पाहिलं, खोड माझी. पुन्हा सात मिनिटं पुढे. निमूट परत टाकलं.

कारण आजही सापडलेलं नाही. काका मात्र कामावर परतलेत — आणि घड्याळ पहिल्यांदाच बरोबर आहे.