कळपातून काढलेली शेळी

सत्कार म्हटलं की डॉक्टर सत्यशीलेचं डोकं उठायचं. कॉलेजात झाला, पाटोद्याला झाला, ती शिकली त्या शाळेत झाला, आणि आता मांजरसुंब्याच्या चौकात पुढारी विजयसिंहरावांनी फ्लेक्स लावला होता, ढाब्याच्या पाटीपेक्षा मोठा. त्यावर ती हात जोडून उभी, शेजारी तिच्या दुप्पट मापाचे विजयसिंहराव, आणि खाली त्यांच्या पुतण्या-भाच्यांची काळे चष्मे लावलेली रांग. तिनं गाडीतूनच त्यांना फोन लावला.

"अहो, निदान विचारायचं तरी मला!"

"त्यात काय विचारायचं, ताई? आपल्या गावची लेक हायत तुमी. जगात दोनशे जणांनी तुमचं नाव घेतलं म्हणं?"

"नाव घेतलं म्हणजे, त्यांनी आपापल्या शोधनिबंधात माझ्या निबंधाचा संदर्भ दिला."

"म्हंजे दोनशे मतं पडली की! रविवारी मंडप घालतो. नकार द्यायचा न्हाई."

आणि फोन ठेवून दिला. आता या माणसाला काय सांगायचं, कप्पाळ! सत्यशीला एकटीच गाडीत बडबडत राहिली. तिला शाल नको होती. तिला पाटोद्याच्या दवाखान्यात एक साधी रक्ततपासणी हवी होती, आणि गेली कित्येक वर्षं ती तिला कुणी देत नव्हतं.

मांजरसुंब्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, खडकमाळ म्हणून शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांची वस्ती आहे. सत्यशीला तिथली. तिचा बाप बद्रीनाथ आयुष्यभर शेळ्यांमागं हिंडला आणि निम्मं आयुष्य तापानं कण्हला. ताप यायचा, घाम फुटायचा, जायचा, पुन्हा यायचा. कंबर अशी धरायची की उठवून बसवावं लागायचं. वस्तीवर त्याला 'हाडातला ताप' म्हणत. डॉक्टर त्याला कधी टायफॉइड म्हणत, कधी मलेरिया, आणि काहीच सुचलं नाही की सलाईन लावत. बाप गेला. लेक हट्टानं डॉक्टर झाली, पुढं साथीच्या रोगांचं शिकली, मेडिकल कॉलेजात शिकवायला लागली आणि त्या तापाच्या मागं लागली.

ताप शेळ्यांचा निघाला. ब्रुसेला नावाचा जंतू. तो शिरला की शेळी गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आत पिलू टाकते. अडलेलं पिलू वस्तीवरच्या बाया नुसत्या हातानं ओढून काढतात, आणि ताप माणसात येतो. कच्च्या दुधातनंही येतो. तिनं शेकडो बायांचं रक्त तपासलं, निबंध लिहिला, तो परदेशात छापला गेला आणि गाजला. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली. आणि इथं जिल्ह्याच्या ठिकाणी साहेब म्हणायचे, "मॅडम, तुमचा निबंध वाचला. फारच छान." मग चहा मागवायचे. तपासणीचं काय, विचारलं की म्हणायचे, वरून आलं पाहिजे. वरून म्हणजे कुठून, ते देवालाच ठाऊक!

शेवटी तिनं स्वतःच वस्तीवर बैठक घेतली. मोठं काही सांगितलं नाही. दूध उकळा. नुसत्या हातानं अडलेली शेळी सोडवू नका. आणि गाभडलेली शेळी कळपातून काढा, अजिबात ठेवू नका. हे शेवटचं तिनं दहादा सांगितलं. लोकांनी मुकाट्यानं ऐकलं, आणि नवल म्हणजे खरंच ऐकलं! दोन वर्षांत खडकमाळवरचा ताप जवळजवळ गेला. मग तिनं दुसरा निबंध लिहिला: साध्या सल्ल्यानं साथ आटोक्यात येते. तोही छापून आला. त्याचाच हा फ्लेक्स.

तरीही तिची चिडचिड संपत नव्हती. कारण खडकमाळला ताप कमी झाला, पण पाटोद्याच्या पलीकडं, जिथं तो कधी ऐकिवात नव्हता, तिथनं रुग्ण यायला लागले होते, आणि तिथल्या गावांतही ती हेच सांगून आली होती. "सांगितलेलं ऐकत नाहीत लोक!" ती विद्यार्थ्यांपुढं चिडायची. "सगळे खडकमाळसारखे वागले असते तर?"

त्याच आठवड्यात अंजनाचा फोन आला. अंजना म्हणजे तिची मावसबहीण, पाटोद्याच्या पलीकडल्या एका वाडीत दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तेव्हा कुठं दिवस गेले होते, आणि आता सहावा चालू होता.

"ताई, ताप लई येतो बघ. डॉक्टर टायफॉइड म्हणतो. कंबर तर उचलंना."

सत्यशीलेनं कपाटातल्या गोळ्या पिशवीत टाकल्या. तास सोडून ती निघाली. वाडीवर पोहोचली तर अंजना गोधडीत मुटकुळं करून पडलेली, घामानं चिंब. नवरा सोमनाथ उगाच आत-बाहेर करत होता. सत्यशीलेनं रक्त काढलं, आणि तपासणीची वाट न बघता बरोबर आणलेल्या गोळ्या सुरू केल्या.

"शेळी गाभडली होती का इथं?"

"गाभडली की. गेल्या महिन्यात. मीच सोडवली. आडलं होतं पिलू."

"नुसत्या हातानं?"

"मंग कशानं सोडवतेत, ताई?"

"अगं, गावोगाव कंठशोष करते मी, तुमच्या कानात कुणी बोळे घातलेत का? कुठंय ती शेळी?"

सोमनाथनं अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. सत्यशीला गेली, बघितलं आणि जागीच थांबली. तांबडी, एका कानावर पांढरा ठिपका, डावं शिंग मोडकं. ही तर आईची चांदी! तिनं स्वतः हिच्या पाठीवर हात फिरवला होता.

"ही इथं कशी?"

"मावशीनं दिली न्हाई का? अर्धलीनं," आतून अंजना म्हणाली.

अर्धल म्हणजे त्या भागातली जुनी रीत. शेळी एकाची, राखायची दुसऱ्यानं, होणारी पिलं निम्मी-निम्मी. घरात लेक असली, भाची असली, की माहेरची माणसं तिला एक शेळी अर्धलीनं देतात. तिचा संसार उभा राहावा म्हणून.

सत्यशीला तडक खडकमाळला आली. आई, बायनाबाई, दारात शेंगा फोडत बसली होती.

"माय, चांदी अंजनाकडं कावून दिली?" चिडली की सत्यशीला शहरी बोलणं विसरायची.

"तूच म्हनलीस, गाभडलेली शेळी कळपातून काढ. काढली."

"काढ म्हंजे दुसरीकडं दे म्हणलं होतं का मी?"

"मंग काय म्हनलं होतं?" आता बायनाबाईही तापली. "जिवंत, दुधाची शेळी! माझ्याकडं एकदा गाभडली म्हून मारून टाकायची का काय? पुढच्या खेपंला चांगली विती ती. बाजारात इकली आसती तर खाटकानं मातीमोल केली आसती. म्हनलं आपल्याच पोरीला दूध व्हईल, तवा नुकतीच पोटुशी ऱ्हायली व्हती. तू न्हाई सांगितलंस काढून कुठं न्यायची ते!"

 खरंच, तिनं सांगितलं नव्हतं. बद्रीनाथची लेक ती, अर्धलीच्या शेळ्यांच्या दुधावर वाढलेली, आणि बैठकीत उभी राहून पुस्तकातलं वाक्य म्हणून मोकळी झाली होती. कळपातून काढा! शेळी काय चपलेतला खडा आहे, काढला की झालं?

"बाकीच्यांनी काय केलं गं?"

"छबूबाईनं पोरीकडं दिली. मंगलनं भनीकडं. बिभीषणनं दोन जावायाला धाडल्या. तूच सांगितलंस म्हून समद्यांनी ऐकलं, आन् आता आमच्यावरच डाफरतीस व्हय?"

 खडकमाळचा ताप गेला नव्हता. तो लेकींच्या सासरी गेला होता. आणि तो गेला म्हणून तिनं निबंध लिहिला होता, तो छापून आला होता, परदेशातले लोक त्याचा संदर्भ द्यायला लागले होते!

तिनं विजयसिंहरावांना फोन करून सत्कार नको म्हणून सांगितलं. "ताई, मंडपाचे बांबू रोवले. आता न्हाई म्हनू नका," ते म्हणाले आणि जेवणाचा बेत सांगायला लागले. तिनंच फोन बंद केला. मग ती रोज वाडीवर जात राहिली. अंजनाच्या रक्तात तेच निघालं होतं. गोळ्यांनी ताप उतरायला लागला, अंजनानं अर्धी भाकरी खाल्ली, बाळ हलतंय म्हणून ताईचा हात धरून पोटावर ठेवला. वाटलं, निभावलं.

रविवारी सकाळी सोमनाथचा फोन आला. तो बोलेचना, नुसता रडत होता. बाळ पोटातच गेलं होतं.

सत्यशीला पाटोद्याच्या दवाखान्यात जाऊन आली. अंजना भिंतीकडं तोंड करून पडलेली होती. तिथनं सत्यशीला थेट मांजरसुंब्याला सत्काराच्या मंडपात गेली. सगळी खडकमाळ तिथं आयती येऊन बसणार होती, बाया पुढं, माणसं मागं. एरवी बोलावून कोण येतं?

विजयसिंहराव रंगात आले होते. "या आपल्या ताईनं ताप गावातनं हाकलून लावला!" टाळ्या. त्यांनी शाल उघडली, ती सत्यशीलेनं हातानं बाजूला सारली आणि माइक घेतला.

"ताप हाकलला न्हाई. आपण तो लेकींच्या घरी धाडला. मी काढा म्हणलं, कुठं न्यायचं ते सांगितलं न्हाई. चूक माझी हाय, आन् ती मी लिहून छापली बी. माझी भन अंजना, तिचं बाळ आज सकाळी गेलं."

मग ती पुढच्या रांगेकडं वळली.

"गाभडलेली शेळी कुणी कुणाला दिली, मला सांगा. कुणाला बोल लावायचा न्हाई. पोरींना औषध द्यायचंय."

 छबूबाईनं पदर डोक्यावर ओढला. बिभीषण बुटाकडं बघत बसला. "ताई, ह्ये नंतर बगू की," विजयसिंहराव कुजबुजले, आणि सत्यशीला त्यांच्यावर अशी खेकसली की माइकमधून ते चौकापर्यंत ऐकू गेलं.

तेव्हा पहिल्या रांगेतून बायनाबाई उठली.  "मी दिली. चांदी. अंजनाला."

मग मंगल उठली. मग छबूबाई उभी राहिली. तिनं कनवटीचा फोन काढला, शेजारणीकडून नंबर लावून घेतला आणि कानाला लावला. तिचं बघून दुसरीनं लावला, मग तिसरीनं. मागं माणसांनीही खिशात हात घातले. मंडपभर एकच सवाल चालू झाला, कुणी रागानं विचारी, कुणी रडत. "ताप येतो का गं तुला? खरं सांग, कंबर दुखती का?"

छबूबाई खुर्च्यांतून वाट काढत स्टेजच्या कडेला आली.  तिनं फोन वर धरला.

"तुमीच बोला, ताई. येतो म्हणती. चौथा म्हैना हाय तिला."