घरच्या दोन सऱ्या

आमच्या वांग्याच्या शेतात विहिरीकडच्या दोन सऱ्या घरच्यासाठी राखलेल्या आहेत. त्यांवर मी फक्त निंबोळी अर्क फवारते. थोडी वांगी किडतात, चालतं. बाजारात किडकं कोणी घेत नाही, म्हणून बाकीच्या शेतावर विषारी औषध.

काल तोडणीला आलेली शांताबाई भाकरी खाताना चाचरत म्हणाली, “ताई, लेक बाळंतपणाला आलीय. तिच्यासाठी तुमच्या घरच्या सरीतली चार वांगी द्याल?”

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

मी तिचा पदर भरला. “देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली आणि बाजाराची क्रेटं टेम्पोत चढवू लागली. तो माल जाईल त्या घरांतही कुणाची लेक बाळंतपणाला आली असेल. शांताबाईचा आशीर्वाद घ्यायला माझी मान वर होईना.